क्षयजंतूच्या पोटातील कडबाकुट्टी

नाशिक रोडकडून देवळाली कॅम्पकडे जाणाऱ्या लॅम रोडवर आजही जुन्या झाडांच्या सावलीत लांबलचक व्हरांड्यांच्या बैठ्या इमारती दिसतात. त्यांतील कित्येकांच्या फाटकावर ‘सॅनिटोरियम’ हा शब्द अजून टिकून आहे. पारशी, गुजराती, जैन अशा निरनिराळ्या समाजांतील दानशूर मंडळींनी आपल्या ज्ञातिबांधवांसाठी ही आरोग्यधामे उभारली. मुंबईच्या दमट, कोंदट चाळींतून थकलेली, खोकणारी, वजन घटलेली माणसे महिना-दोन महिने येथे ‘हवा पालटायला’ येत. कोरडी हवा, पहाटेचा गारवा, दूध-अंडी, दुपारची सक्तीची विश्रांती आणि संध्याकाळचा संथ फेरफटका, एवढाच तो उपचार. आता तेथे बहुधा सुट्टीसाठी आलेली कुटुंबे उतरतात. फाटकावरील त्या शब्दामागे केवढी धास्ती दडलेली होती, याची कल्पना नव्या पिढीला क्वचितच असते.

ती धास्ती होती क्षयाची, राजयक्ष्म्याची. अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळवून परतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात याच रोगाने गेल्या, तेव्हा त्या अवघ्या एकवीस वर्षांच्या होत्या. त्याआधी पाच वर्षे, 24 मार्च 1882 रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले होते. परंतु शत्रू ओळखता आला म्हणून त्याला मारता येत नव्हते. स्ट्रेप्टोमायसीन सापडले 1943 मध्ये आणि आयसोनियाझिड हे स्वस्त, तोंडाने घेण्याजोगे औषध क्षयावर वापरात आले 1952 मध्ये. मधल्या साठ-सत्तर वर्षांत रुग्णाच्या हाती हवा, आहार आणि आशा यांपलीकडे फारसे काही नव्हते.

आरोग्यधामांचे हे युग संपवणारा पुरावा आपल्याच देशातून आला. 1956 मध्ये मद्रास येथे क्षयावरील औषधोपचारांचे संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये ठेवून, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून वर्षभर तीच औषधे देण्यात आली. घरी राहणाऱ्यांचा आहार निकृष्ट होता, विश्रांती कमी होती, हवा तर मद्रासचीच. तरीही 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील रुग्ण जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाले, आणि घरच्या मंडळींना लागण होण्याचे प्रमाणही घरी उपचार घेतल्यामुळे वाढले नाही. म्हणजे रुग्णाला बरे करीत होते ते औषध. जंतूच्या शरीरात शिरून ते नेमके काय करते, हा प्रश्न मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे अर्धामुर्धाच सुटलेला राहिला. त्याच प्रश्नाचा माग काढताना शास्त्रज्ञ अलीकडे एका अनपेक्षित जागी पोहोचले. ती जागा म्हणजे जंतूच्या पेशीतील प्रथिने तोडणारी यंत्रे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. ही माळ विशिष्ट घडीत दुमडली की तिला आकार येतो आणि आकारानुसार काम ठरते. दोन मण्यांमधील दुवा मोठा चिवट असतो. शुद्ध पाण्यात तो आपोआप तुटण्यास शेकडो वर्षे लागतील. तो क्षणार्धात तोडणारी जी विकरे, म्हणजे एन्झाइमे, असतात त्यांना प्रथिनभंजक विकरे किंवा प्रोटिएज म्हणतात. आपण खाल्लेली डाळ आपल्या जठरात आणि आतड्यात पचते ती पेप्सीन आणि ट्रिप्सीन या अशाच विकरांमुळे. पपईच्या चिकात हेच गुण असतात, म्हणून मांस मऊ व्हावे यासाठी कच्ची पपई लावण्याची रीत आहे.

रोगकारक जीवाणूंकडेही अशी विकरे असतात आणि त्यांचे ढोबळमानाने दोन उपयोग दिसतात. पहिला उपयोग शस्त्राचा. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात असतो. जखमेत शिरल्यावर तो जे विष सोडतो ते मुळात जस्ताचा अणू बाळगणारे एक प्रथिनभंजक विकर आहे, हे 1992 मध्ये स्पष्ट झाले. मज्जातंतूंच्या टोकाशी संदेशवाहक रसायनाच्या पुटकुळ्या असतात. त्या रित्या होण्यासाठी लागणाऱ्या एका प्रथिनातील एकच दुवा हे विष कापते. एकच, पण मर्माचा. स्नायूंना ‘आता सैल हो’ असे सांगणारे मज्जातंतू त्यामुळे मुके होतात आणि शरीर धनुष्यासारखे ताणले जाते. विष एकदा मज्जातंतूच्या आत शिरले की बाहेरून दिलेली प्रतिद्रव्ये तेथे पोहोचू शकत नाहीत. म्हणूनच धनुर्वाताची लस आधी घ्यावयाची असते, आकडी आल्यावर नव्हे. गर्भवतींच्या लसीकरणामुळे आणि सुरक्षित बाळंतपणांमुळे भारतातील माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे 2015 मध्ये घोषित झाले, ही आपल्या आरोग्यसेविकांची मोठीच कामगिरी होय.

1896 मध्ये मुंबईत अवतरलेल्या आणि पुढे पुणे, नाशिकपर्यंत हाहाकार उडवणाऱ्या प्लेगच्या जंतूकडेही असे एक शस्त्र आहे. त्याच्या बाह्य कवचात बसवलेले एक विकर आपल्याच रक्तातील एका निद्रिस्त प्रथिनाला कापून जागे करते. ते जागे झालेले प्रथिन रक्ताच्या गुठळ्या विरघळवते आणि जंतूला कोंडून धरणारी भिंत कोसळते. हिरड्यांच्या जुनाट आजारातील एक जंतूही हिरडीचे ऊतक अशाच विकरांनी कुरतडतो. याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

क्षयाचा जंतू या पठडीतला नाही. धनुर्वातासारखे जहाल विष त्याच्यापाशी नाही. मग फुप्फुसाला भगदाड पडते ते कसे? याचे उत्तर ऐकून कोणीही चमकेल. ती पोकळी पाडणारी विकरे बहुतांशी आपलीच असतात. जंतूला घेरणाऱ्या आपल्या संरक्षक पेशी चिडून जाऊन फुप्फुसाचा तंतुमय सांगाडा कापणारी विकरे मोठ्या प्रमाणात सोडतात. कोलॅजेन हा चिवट तंतू त्यांच्यापुढे टिकत नाही. पोकळी श्वासनलिकेत उघडली की जंतूला हवा मिळते आणि खोकल्यावाटे बाहेरच्या जगाची वाटही मिळते. आपल्याच घरच्या सुऱ्या वापरून घर फोडण्याची ही चतुराई आहे.

क्षयजंतूच्या स्वतःच्या सुऱ्या मात्र घरकामाच्या आहेत. हाच प्रथिनभंजक विकरांचा दुसरा उपयोग, आणि आपल्या विषयाचा गाभाही तोच. हा जंतू अतिशय संथ आहे. आपल्या आतड्यातील साधा जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर क्षयजंतूला त्यासाठी सुमारे वीस तास लागतात. तो वर्षानुवर्षे, कधी कधी आयुष्यभर, एखाद्या माणसाच्या फुप्फुसात दडून बसतो. तेथे त्याच्यावर आम्लाचा, नायट्रिक ऑक्साइडसारख्या दाहक रसायनांचा आणि उपासमारीचा मारा होत असतो. अशा माऱ्यात प्रथिने वाकडीतिकडी होतात, बिघडतात. नवी प्रथिने वरचेवर तयार करण्याची चैन त्याला परवडत नाही. बिघडलेली प्रथिने वेळेवर मोडून त्यांचे मणी पुन्हा वापरणे आणि निरुपयोगी झालेले कामगार कमी करणे, यावर त्याचे जगणे अवलंबून असते.

येथे एक पेच आहे. पेशीच्या आत मोकळी सुरी फिरू लागली तर ती चांगल्या प्रथिनांनाही कापील. निसर्गाने यावर जी तोड काढली ती समजण्यासाठी नाशिक जिल्ह्यातील कोणत्याही गोठ्यात जावे. तेथे कडबाकुट्टीचे यंत्र असते. त्याचे पाते पत्र्याच्या घरात बंद असते. पुढे दातेरी रुळांची जोडी असते. कडब्याची पेंढी रुळांच्या तोंडी दिली की रूळ ती आत ओढतात आणि आतल्या पात्याखाली तिचे सारखे तुकडे पडतात. जे रुळांच्या तोंडी दिले गेले नाही ते पात्यापर्यंत जाऊच शकत नाही. वीज गेली की रूळ थांबतात, मग पाते कितीही धारदार असले तरी काम बंद.

क्षयजंतूतील ‘क्लिप-पी’ हे विकर हुबेहूब असेच आहे. ते एका पिंपासारखे दिसते. सात घटकांचे एक कडे आणि त्यावर सात घटकांचे दुसरे कडे असे एकूण चौदा घटक एकत्र येऊन ते पिंप बनते. प्रत्येक घटकाचा कापणारा भाग पिंपाच्या आतल्या बाजूस असतो. तेथे सेरीन, हिस्टिडीन आणि अ‍ॅस्पार्टेट या तीन अमिनो आम्लांची एक जुळणी असते. आपल्या ट्रिप्सीनमध्येही कापण्याचे काम याच तिघांचे त्रिकूट करते. पिंपाच्या दोन्ही टोकांची भोके इतकी अरुंद असतात की घडी घातलेले प्रथिन त्यांतून आत जाऊच शकत नाही. अनेक जीवाणूंमध्ये पिंपाची दोन्ही कडी एकसारखी असतात. क्षयजंतूत मात्र ती दोन वेगवेगळ्या जनुकांपासून बनतात, एक कडे एका प्रकारच्या घटकांचे आणि दुसरे दुसऱ्या प्रकारच्या. दोन्ही नीट जुळल्याशिवाय पिंप काम करीत नाही आणि दोहोंपैकी कोणतेही एक काढून घेतले तर जंतू वाढू शकत नाही.

रुळांचे काम ‘क्लिप-सी-वन’ आणि ‘क्लिप-एक्स’ ही सहा-सहा घटकांची वर्तुळाकार यंत्रे करतात. ती पिंपाच्या एका तोंडावर बसतात, कापावयाच्या प्रथिनाचे टोक पकडतात, त्याची घडी उलगडतात आणि ते धाग्यासारखे आत ओवतात. त्यासाठी लागणारी वीज म्हणजे एटीपी, पेशीतील ऊर्जेचे चलन. आत गेलेला धागा सात-आठ मण्यांच्या आसपासच्या तुकड्यांत कापला जाऊन बाहेर पडतो. कोणते प्रथिन रुळांच्या तोंडी द्यावयाचे हे ठरविण्यासाठी खुणा असतात. प्रथिन तयार होता होता कारखाना मध्येच अडकला, तर त्या अर्धवट मालाच्या टोकाला काही ठरावीक मण्यांचे शेपूट जोडले जाते. ते शेपूट म्हणजे ‘हा माल कुट्टीत टाका’ अशी चिठ्ठी.

क्षयजंतूजवळ कुट्टीचे दुसरे यंत्रही आहे आणि ते फारच थोड्या जीवाणूंजवळ असते. त्याचे नाव प्रोटिआसोम. सात-सात घटकांची चार कडी एकावर एक रचून बनलेले, एकूण अठ्ठावीस घटकांचे हे पिंप मुख्यतः उच्च प्रतीच्या जीवांच्या, म्हणजे आपल्याही, पेशींत आढळते. आपल्या पेशींत नको असलेल्या प्रथिनाला ‘युबिक्विटिन’ नावाच्या छोट्या प्रथिनाची चिठ्ठी चिकटवली जाते. क्षयजंतूने त्यासाठी ‘पप’ नावाची वेगळीच चिठ्ठी शोधून काढली आहे. कामाची रीत तीच, पण कागद निराळा.

2003 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी क्षयजंतूचे हजारो उत्परिवर्ती नमुने नायट्रिक ऑक्साइडच्या माऱ्याखाली ठेवून पाहिले. आपल्या संरक्षक पेशी जंतूंवर हेच रसायन फेकतात. जे नमुने या माऱ्यात मेले, त्यांतील काहींत प्रोटिआसोमला माल पुरवणारी यंत्रणा मोडलेली होती. पुढे असेही दिसले की प्रोटिआसोम बंद पाडलेला जंतू प्रयोगशाळेतील बशीत बऱ्यापैकी वाढतो, पण उंदराच्या शरीरात दीर्घकाळ तग धरू शकत नाही. हे यंत्र सुखाच्या दिवसांत फारसे लागत नाही, घेराबंदीत लागते.

असे का, याचे उत्तर 2015 च्या सुमारास सापडले आणि ते गंमतीचे आहे. वनस्पतींमध्ये सायटोकायनिन नावाची संप्रेरके असतात. पानांना हिरवे ठेवणारी आणि फांद्या फुटण्यास मदत करणारी ही द्रव्ये क्षयजंतूही बनवतो. ती बनवणारे विकर प्रोटिआसोमने वेळोवेळी मोडून काढले नाही, तर संप्रेरक साठत जाते. त्याच्या विघटनातून अल्डिहाइड जातीची रसायने तयार होतात आणि ती नायट्रिक ऑक्साइडशी हातमिळवणी करून जंतूलाच मारतात. एका कामगाराला वेळेवर रजा दिली नाही म्हणून कारखान्याला आग लागावी, तसा हा प्रकार.

तिसरे यंत्र थोडक्यात सांगतो. जंतूच्या पटलात रोवलेले ‘मार-पी’ नावाचे एक सेरीन-विकर आहे. आपल्या संरक्षक पेशींनी जंतूला गिळून आम्लाच्या कोठडीत टाकले की हे विकर त्याला आतली आम्लता सांभाळण्यास मदत करते. ते काढून टाकलेले जंतू आम्लात तग धरू शकत नाहीत.

आता पुन्हा औषधाच्या गोळीकडे वळू. आज आपल्याकडे क्षयाच्या नव्या रुग्णाला पहिले दोन महिने चार औषधे एकत्र देतात, ती म्हणजे आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायरॅझिनामाइड आणि इथॅम्ब्यूटॉल. पुढील चार महिने पायरॅझिनामाइड वगळून उरलेली तीन. वजनानुसार ठरलेल्या एकत्रित गोळ्या रोज घ्यावयाच्या असतात. या चौघांत पायरॅझिनामाइड सर्वांत गूढ. बशीतील सामान्य परिस्थितीत त्याचा जंतूवर जवळजवळ परिणामच दिसत नाही. शरीरात मात्र संथपणे दडून बसलेल्या जंतूंवर ते प्रभावी ठरते. पूर्वी नऊ महिने किंवा त्याहून अधिक चालणारा उपचार सहा महिन्यांवर आला, त्यात या गोळीचा वाटा मोठा आहे.

ही गोळी स्वतः निष्क्रिय असते. जंतूच्या आत गेल्यावर त्याचेच एक विकर तिला पायरॅझिनॉइक आम्लात बदलते. हे आम्ल जंतूच्या एका कामगार-प्रथिनाला चिकटते, ज्याचे नाव ‘पॅन-डी’. को-एन्झाइम ए हे अत्यावश्यक द्रव्य बनविण्याच्या साखळीतील तो एक दुवा आहे. औषध चिकटले म्हणजे पॅन-डी बंद पडत असेल, अशीच अपेक्षा कोणीही करील. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले ते याहून वेगळे. औषध चिकटल्यावर पॅन-डीचा आकार असा काही बदलतो की क्लिप-सी-वनच्या रुळांना तो सहज पकडता येतो, आणि जंतूची स्वतःची कडबाकुट्टी त्याचा चुरा करू लागते. पॅन-डी संपत जातो, त्यासोबत को-एन्झाइम ए आटते आणि जंतूचा संसार विस्कटतो. रुग्णांच्या शरीरातून मिळवलेल्या औषधरोधी जंतूंच्या जनुकांची तपासणीही याच बाजूने साक्ष देते. गोळीला सक्रिय करणाऱ्या विकरात बिघाड असलेले जंतू तर बहुसंख्य असतातच, पण काहींत पॅन-डीमध्ये, तर काहींत रुळांच्या जनुकात बदल आढळतात. पायरॅझिनामाइडचे सारे रहस्य यात उलगडले असे मात्र नाही. ते आणखीही मार्गांनी काम करते का, यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद चालू आहेत. तरीही सत्तर वर्षे वापरात असलेली ही गोळी जंतूच्याच सुरीने त्याचा गळा कापते, हे चित्र मला तरी पटते.

जाता जाता एक गोष्ट. गाईगुरांना क्षय करणारा, मायकोबॅक्टेरियम बोव्हिस हा या जंतूचा चुलतभाऊ पायरॅझिनामाइडला जन्मतःच दाद देत नाही, कारण गोळीला सक्रिय करणारे त्याचे विकर मुळातच बिघडलेले आहे. तो माणसापर्यंत पोहोचतो तो प्रामुख्याने न तापवलेल्या दुधातून. दूध उकळूनच पिण्याची आपल्या आजीची शिस्त अजिबात मोडू नये.

क्लिपच्या पिंपावर आता औषधशास्त्रज्ञांची नजर खिळली आहे. समुद्रातील व मातीतील जीवाणू अशी काही रसायने बनवतात की ती क्लिप-सी-वनच्या तोंडाशी चिकटून रुळांची गती बिघडवतात. लॅसोमायसीन, सायक्लोमारीन आणि इक्युमायसीन ही त्यांतील काही नावे. काही रसायने उलट बाजूने हल्ला करतात, म्हणजे रूळ लागूच नयेत असे पिंपाचे तोंड फाकवून ठेवतात. मग बंद घरातील पाते उघडे पडते. यांतील कोणतेही अद्याप औषधालयात आलेले नाही. अडचण अशी की आपल्या पेशींतील मायटोकॉन्ड्रियामध्येही क्लिप-पी असते आणि प्रोटिआसोम तर आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत. आपले प्रोटिआसोम बंद पाडणारी बोर्टेझोमिबसारखी औषधे रक्ताच्या कर्करोगावर वापरतात, पण त्यांचे दुष्परिणाम सहा महिने रोज घ्यावयाच्या गोळीसाठी परवडणारे नाहीत. जंतूच्या यंत्राला चिकटेल पण माणसाच्या यंत्राला चिकटणार नाही असा रेणू शोधणे म्हणजे दोन जवळजवळ सारख्या कुलपांपैकी एकालाच लागणारी किल्ली घडविणे. म्हणूनच यंत्राच्या प्रत्येक घटकाची, त्याच्या भोकाच्या रुंदीची आणि आतील प्रत्येक अणूच्या जागेची मोजमापे एवढ्या चिकाटीने घेतली जात आहेत. अनेक औषधांना न जुमानणारा क्षय हे या चिकाटीमागचे खरे कारण आहे.

घरात क्षयाचा रुग्ण असेल तर या सर्वांतून काय घ्यावयाचे? पहिल्या महिन्या-दीड महिन्यात खोकला थांबतो, ताप उतरतो, भूक लागते. गोळ्या बंद होतात त्या बहुधा याच टप्प्यावर. झपाट्याने वाढणारे जंतू तेव्हा मेलेले असतात. उरलेले असतात ते संथ, काटकसरी, आपल्या कुट्टीयंत्रांवर दिवस काढणारे जंतू. पुढचे चार-साडेचार महिने खर्च होतात ते त्यांच्यासाठी. बरे वाटू लागल्यानंतर खाल्लेली गोळी कदाचित सर्वांत महत्त्वाची असते, हे घरातील कोणीतरी एकाने रोज लक्षात ठेवावे. मुलीने आईला, सुनेने सासऱ्यांना, जो कोणी आठवण देतो तोही या उपचाराचाच भाग.

दुष्परिणामांविषयी गप्प बसू नये. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, ते निरुपद्रवी आहे. पायरॅझिनामाइडमुळे रक्तातील यूरिक आम्ल वाढून सांधे दुखू शकतात. परंतु डोळे पिवळे दिसणे, सतत मळमळ व उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणे ही यकृताच्या त्रासाची लक्षणे असू शकतात, आणि इथॅम्ब्यूटॉलमुळे क्वचित दृष्टी मंदावते किंवा रंग ओळखता येत नाहीत. असे काही आढळले तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. गोळी कमी करायची, थांबवायची की बदलायची हे त्यांनी ठरवावे. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने एकच गोळी वगळणे सर्वांत धोक्याचे, कारण उरलेल्या औषधांना सरावलेला जंतू तेथूनच तयार होतो. ‘दारू चालेल का’ हा प्रश्न पुरुष रुग्ण हमखास विचारतात. उपचाराच्या काळात नाही.

लॅम रोडवरील आरोग्यधामांची अंडी-दुधाची शिस्त अगदीच वाया गेलेली नाही. मद्रासच्या अभ्यासाने सॅनिटोरियम अनावश्यक ठरविले, आहार नव्हे. झारखंडमध्ये झालेल्या आणि 2023 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ या मोठ्या अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना दरमहा धान्य-कडधान्यांचा शिधा देण्यात आला. त्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण सर्व प्रकार धरून सुमारे 39 टक्क्यांनी कमी झाले आणि संसर्गजन्य फुप्फुसक्षय सुमारे 48 टक्क्यांनी. जंतूशी लढणाऱ्या आपल्या पेशींनाही प्रथिनांचे मणी लागतातच. ‘निक्षय पोषण योजने’तून उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या खात्यात दरमहा मदत जमा होते. एप्रिल 2018 पासून ती 500 रुपये होती, नोव्हेंबर 2024 पासून ती 1000 रुपये झाली आहे. त्यासाठी बँक खात्याची माहिती उपचार सुरू होतानाच आरोग्य केंद्रात द्यावी. शेंगदाणे, डाळी, दूध, अंडी, परवडत असेल तर मासे, एवढे पुरेसे. महागड्या प्रथिनभुकटीची गरज नाही.

आणि घरातील इतरांची तपासणी. फुप्फुसाचा क्षय असलेल्या रुग्णासोबत राहणाऱ्या प्रत्येकाची, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांची, मधुमेह असलेल्यांची आणि वयोवृद्धांची तपासणी करून घ्यावी. त्यांना सक्रिय क्षय नाही याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषध देता येते. एक पर्याय सहा महिने रोज आयसोनियाझिड, दुसरा आयसोनियाझिड व रिफापेंटिन या जोडीचा आठवड्यातून एक असे बारा आठवडे. आजार नसताना औषध कशाला, असे बरेच जण म्हणतात. त्यांच्या शरीरात जंतू असेलच असे नाही. पण असला, तर तो लक्षणे नसतानाही आपली कडबाकुट्टी चालवत बसलेला असतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम किंवा विनाकारण घटणारे वजन यांपैकी काहीही असेल तर थुंकीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आणि औषधेही मोफतच मिळतात. देवळाली कॅम्पला महिनाभर हवा पालटण्याचा खर्च ज्यांना कधीच परवडला नसता, अशांनाही.